एकदिशकारकाची जागा : मुंबईच्या विद्युत लोहमार्गाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रास्ताविक

पदार्थविज्ञानाच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत एकदिशकारकाचा, म्हणजेच रेक्टिफायरचा प्रयोग वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने केला जातो. एक लहान रोहित्र, चार डायोड, एक रोध व एक धारित्र एवढ्या साहित्यावर प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर होते. विद्यार्थी आलेख काढतो, दोन-चार आकडे नोंदवतो आणि प्रयोगवही पूर्ण होते. हे चार डायोड कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून अस्तित्वात आले, त्यांच्यापूर्वी तेच काम कोण करीत होते आणि त्यांच्या आगमनाने काय गमावले गेले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

दुसरीकडे, विद्युतशक्तीच्या इतिहासाची मांडणी बहुधा एका युद्धाच्या रूपाने केली जाते. एका बाजूस एडिसनचा एकदिश प्रवाह, दुसऱ्या बाजूस टेस्ला व वेस्टिंगहाउस यांचा प्रत्यावर्ती प्रवाह आणि १८९० च्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्याचा निर्णायक विजय, अशी ही कथा आहे. ती आकर्षक आहे. पण अपुरी आहे. न्यूयॉर्क शहरात एडिसनच्या परंपरेतील एकदिश वीजपुरवठा अधिकृतपणे बंद झाला तो २००७ साली, आणि मुंबईच्या उपनगरी लोहमार्गावरील तारांतून एकदिश प्रवाह २०१६ पर्यंत वाहत होता. ज्याचा पराभव झाला असे सांगितले जाते, तो शतकभर कसा टिकला, याचे उत्तर एकदिशकारकाच्या इतिहासात सापडते. प्रस्तुत निबंधात हा इतिहास मुंबईच्या लोहमार्गाच्या संदर्भात तपासला आहे. एका प्रवाहाने दुसऱ्याला हटवले असे म्हणण्यापेक्षा रूपांतराची जागा वारंवार बदलत गेली असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

रूपांतराचे तत्त्व

प्रत्यावर्ती प्रवाहाची दिशा ठरावीक काळाने उलटते. भारतातील पुरवठ्यात सेकंदाला ५० आवर्तने होतात. म्हणजे प्रवाह सेकंदात ५० वेळा एका दिशेने व ५० वेळा विरुद्ध दिशेने वाहतो. डायोड हा एका दिशेनेच वाट देणारा घटक होय. विहिरीवरील पंपाच्या तळाशी असलेली झडप पाणी वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. डायोडचे कार्य त्याच स्वरूपाचे आहे. एकच डायोड मंडलात घातला तर प्रत्येक आवर्तनाचा अर्धा भाग पार होतो व उरलेला अर्धा अडवला जातो. यास अर्धतरंग एकदिशीकरण म्हणतात. चार डायोडांची सेतुरचना केली तर अडवला जाणारा अर्धा भागही वळवून त्याच दिशेने भारापर्यंत पोहोचवता येतो. कोणत्याही क्षणी समोरासमोरचे दोन डायोड वाहतात व दोन बंद असतात. त्यांची पाळी दर अर्ध्या आवर्तनाला बदलते. सिलिकनच्या प्रत्येक डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट दाब खर्च होत असल्याने सेतुरचनेत सुमारे १.४ व्होल्ट गमवावे लागतात.

येथे पाठ्यपुस्तकांतील एका आकड्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते. अर्धतरंग एकदिशकारकाची कमाल कार्यक्षमता ४०.६ टक्के व पूर्णतरंग एकदिशकारकाची ८१.२ टक्के असते, हे प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. उरलेली ५९.४ टक्के ऊर्जा डायोडमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाते, असा समज त्यातून रूढ झाला आहे आणि तो चुकीचा आहे. आदर्श डायोडमध्ये ऊर्जाव्यय शून्य असतो. भाराला मिळणाऱ्या एकूण शक्तीपैकी किती भाग निव्वळ एकदिश स्वरूपाचा आहे आणि किती भाग लहरींच्या रूपाने शिल्लक आहे, एवढेच हे आकडे सांगतात. एकदिशकारकातून बाहेर पडणारा प्रवाह एका दिशेने वाहतो खरा, परंतु तो सपाट नसतो. अर्धतरंगात सेकंदाला ५० व पूर्णतरंगात १०० उंचवटे येतात. त्रिकला पुरवठ्यावर सहा डायोडांची रचना केली तर हे उंचवटे ३०० होतात, आणि दोन अशा रचना योग्य रोहित्रांसह जोडल्यास ६००. उंचवटे जितके दाट, तितकी त्यांमधील दरी उथळ. मोठ्या शक्तीचे एकदिशीकरण त्रिकला पुरवठ्यावरच का केले जाते, याचे एक प्रमुख कारण हेच.

शोधांची परंपरा

एकाच दिशेने वहनाचा गुण प्रथम खनिजांत आढळला. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन याने १८७४ मध्ये धातूंच्या सल्फाइडांवर टोकदार तार टेकवली असता वहन दोन्ही दिशांना सारखे होत नाही, असे दाखवले. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी सूक्ष्म विद्युत लहरी टिपण्यासाठी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा उपयोग केला. त्यासाठी १९०१ मध्ये अमेरिकेत केलेल्या अर्जावर १९०४ मध्ये एकस्व मंजूर झाले. अर्धसंवाहकावर आधारित उपकरणासाठी मिळालेल्या अगदी आरंभीच्या एकस्वांपैकी हे एक होय. आपल्याकडील लेखनात बोस यांना कधीकधी डायोडचे जनक ठरवले जाते. ब्राउनचे निरीक्षण त्यांच्या आधीचे आहे आणि बोस यांचा उद्देश शक्तीचे रूपांतर करणे हा नव्हता, तर लहरींची चाहूल घेणे हा होता. त्यांचे श्रेय मोठे आहे. ते अतिशयोक्तीने वाढत नाही.

त्याच १९०४ साली लंडनमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग याने तापलेल्या तंतूची निर्वात नलिका तयार केली. रेडिओसाठी ती युगप्रवर्तक ठरली. सेतुरचनेची कल्पना याहून जुनी आहे. कारोल पोलाक याने १८९५-९६ मध्ये तिचे एकस्व घेतले व लिओ ग्रेट्झ याने १८९७ मध्ये ती स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. म्हणजे चार डायोडांची मांडणी ठाऊक होती, पण मोठ्या प्रवाहासाठी त्या चार जागी बसवावे असे उपकरण नव्हते. खनिजाच्या टोकावरून मिलिअँपिअर वाहतात. आगगाडीला हजारो अँपिअर लागतात.

ही दरी पीटर कूपर ह्युइट याच्या पारदचाप एकदिशकारकाने भरून काढली. १९०२ मध्ये त्याने दाखवलेल्या या उपकरणात निर्वात काचपात्राच्या तळाशी पारा व वर ग्रॅफाइटचे धनाग्र असतात. चाप पेटला की पाऱ्याच्या पृष्ठावरील प्रखर बिंदूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. धनाग्रातून ते बाहेर पडत नाहीत, म्हणून प्रवाह उलट वाहू शकत नाही. काचपात्रात निळसर जांभळा प्रकाश थरथरत राहतो. या उपकरणाचा आर्थिक गुण असा की चापावरील दाबाचा व्यय साधारणतः २० ते २५ व्होल्ट एवढाच असतो आणि भार वाढला तरी तो फारसा वाढत नाही. ११० व्होल्टच्या पुरवठ्यात हा व्यय जड वाटतो. १५०० व्होल्टच्या पुरवठ्यात तो दोन टक्क्यांहूनही कमी भरतो. पारदचाप लोहमार्गांना मानवला तो यामुळे. त्याचा दोष म्हणजे अधूनमधून चाप उलटा पेटे आणि त्या क्षणी एकदिशकारक आपला धर्मच सोडून देई. संरक्षक स्वयंचलित खटके नसते तर रोहित्रावर संकट ओढवले असते. त्यानंतर १९२० च्या दशकात ताम्र-ऑक्साइडाच्या व पुढे सिलिनियमच्या चकत्या आल्या. १९४० मध्ये बेल प्रयोगशाळेत रसेल ओल यास सिलिकनमधील पी-एन संधी सापडली आणि १९५० च्या दशकात तिच्यापासून मोठ्या शक्तीचे डायोड बनू लागले.

मुंबईचा लोहमार्ग

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या बंदरमार्गावर भारतातील पहिली विद्युत आगगाडी धावली. तारेतील दाब १५०० व्होल्ट एकदिश होता. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण केले आणि १९३० पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या तारा भोर व थळ हे दोन्ही घाट चढून पुणे व इगतपुरीपर्यंत पोहोचल्या.

वीज मात्र प्रत्यावर्ती रूपातच निर्माण होत होती. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये व भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले होते. सह्याद्रीच्या पायथ्यापासून मुंबईपर्यंत वीज आणणे रोहित्रांशिवाय शक्य नव्हते, आणि रोहित्र केवळ प्रत्यावर्ती प्रवाहावरच चालते. मग गाडीच्या तारेत एकदिश प्रवाह कशासाठी? उत्तर गाडीच्या मोटारीत आहे. एकदिश प्रवाहाची एकसर मोटर थांबलेल्या अवस्थेतच सर्वाधिक पीळ देते. उभी गाडी हलवण्यासाठी नेमके तेच हवे असते. तिच्या तोडीची, ५० आवर्तनांवर समाधानकारक चालणारी आगगाडीची मोटर त्या काळी व्यवहारात उपलब्ध नव्हती. म्हणून दोन टोकांच्या दोन गरजा भिन्न राहिल्या. वहनाला प्रत्यावर्ती प्रवाह हवा, चाकाला एकदिश. त्यांची गाठ घालून देण्याचे काम रुळालगतच्या उपकेंद्रांकडे आले.

त्या काळच्या लोहमार्ग उपकेंद्रांत हे काम आरंभी डायोड करीत नव्हता. फिरते परिवर्तक, म्हणजे रोटरी कन्व्हर्टर करीत. एकाच आर्मेचरच्या एका टोकाला सर्पणकड्यांतून प्रत्यावर्ती प्रवाह आत जाई व दुसऱ्या टोकाच्या दिक्परिवर्तकावरून एकदिश प्रवाह बाहेर येई. १५०० व्होल्टसाठी साधारणतः ७५० व्होल्टची दोन यंत्रे एकसरीत जोडावी लागत. ही यंत्रे अवजड होती. त्यांच्यावर देखरेखीला माणूस लागे, ब्रश झिजत, ठिणग्या उडत. पुढे त्यांची जागा पारदचापाने घेतली व नंतर सिलिकनने. फिरणारे काहीच उरले नाही, आवाज गेला, देखभाल घटली आणि उपकेंद्रे दूरवरून नियंत्रित करता येऊ लागली.

तरीही १५०० व्होल्ट ही मर्यादा कायम राहिली. ३००० किलोवॉट शक्ती घेणाऱ्या गाडीला १५०० व्होल्टवर २००० अँपिअर लागतात. २५,००० व्होल्टवर तीच शक्ती १२० अँपिअरमध्ये मिळते. तारेचा रोध तोच धरला तर तारेतील व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ २७८ पटींनी घटतो. एकदिश पद्धतीत जाड तांब्याच्या तारा आणि दर काही किलोमीटरवर उपकेंद्र यांना पर्याय नव्हता; २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती पद्धतीत दोन उपकेंद्रांमधील अंतर काही दशक किलोमीटर असू शकते. भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये फ्रेंच रेल्वेच्या सहकार्याने हीच पद्धत पुढील विद्युतीकरणासाठी स्वीकारली.

या निर्णयाचे वर्णन 'एकदिश प्रवाहाचा त्याग' असे केले जाते. एंजिनाच्या आत डोकावले तर तसे दिसत नाही. १९५९-६० मध्ये आलेल्या डब्ल्यूएएम-१ जातीच्या एंजिनांत २५ किलोव्होल्टचा दाब रोहित्राने उतरवला जाई आणि इग्निट्रॉन या पारदचापाच्याच एका प्रकाराने त्याचे एकदिशीकरण होई. मोटारी पूर्वीप्रमाणेच एकदिश होत्या. १९७१ पासून चित्तरंजन येथे बनलेल्या डब्ल्यूएएम-४ एंजिनांत इग्निट्रॉनची जागा सिलिकन डायोडांनी घेतली. म्हणजे उपकेंद्राची इमारत अडवून बसलेला एकदिशकारक आकाराने घटला, हादरे सोसण्याइतका दणकट झाला आणि चाकांवर चढला. पाऱ्याचे द्रव पात्र धावत्या गाडीत सांभाळण्यापेक्षा सिलिकनची घन चकती सांभाळणे किती सुलभ, हे सांगायला नको. उच्चदाब प्रत्यावर्ती पद्धतीच्या यशाचे श्रेय रोहित्राला नेहमी दिले जाते. गाडीत मावणाऱ्या एकदिशकारकाला ते क्वचितच मिळते.

मुंबईत मात्र बदल सहजासहजी झाला नाही. जुने पूल, बोगदे, स्थानकांची छपरे १५०० व्होल्टला पुरेशा अंतरावर होती. २५ किलोव्होल्टसाठी ते अंतर अपुरे होते. कोठे पूल उंचवावे लागले, कोठे रूळ खाली घ्यावे लागले, आणि हे सर्व दररोज लाखो प्रवाशांची ने-आण न थांबवता. मधल्या दीर्घ काळात दोन्ही पद्धतींवर चालणारी एंजिने व गाड्या वापरल्या गेल्या. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गाचे परिवर्तन फेब्रुवारी २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे जून २०१५ मध्ये आणि बंदरमार्गाचे एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण झाले. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री एकदिश प्रवाहावरील अखेरची लोकल कुर्ल्याहून निघून छत्रपती शिवाजी टर्मिनसला पोहोचली. जेथे १९२५ मध्ये आरंभ झाला होता, तोच बंदरमार्ग सर्वांत शेवटी बदलला.

परतीची वाट

या इतिहासात एक बाजू अशी आहे की तिच्याकडे तंत्रज्ञांखेरीज कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. फिरता परिवर्तक अवजड होता, पण उभयगामी होता. घाट उतरणाऱ्या गाडीच्या मोटारी जनित्राप्रमाणे चालवल्या तर त्या वीज निर्माण करतात आणि गाडीला आपोआप रोध मिळतो. भोर व थळ घाटांत चढ ३७ फुटांस १ फूट एवढा तीव्र आहे. तेथे ही ऊर्जा थोडीथोडकी नसते. तारेत आलेली ही जादा वीज फिरत्या परिवर्तकातून उलट दिशेने वाहून मूळ प्रत्यावर्ती जाळ्यात परत जाऊ शकते. तेच यंत्र, कोणतीही जोडणी न बदलता, उलट काम करते.

अनियंत्रित पारदचापाला व डायोडला हे जमत नाही. एका दिशेनेच वाट देणे हा ज्याचा धर्म, तो परतीची वाट कशी देणार? डायोडचे उपकेंद्र असलेल्या मार्गावर उतरत्या गाडीची वीज वापरली जावी तर त्याच वेळी जवळपास दुसरी गाडी चढत असावी लागते. ती नसेल तर तारेतील दाब वाढतो आणि ऊर्जा नाइलाजाने रोधांत जाळावी लागते. डायोड एंजिनात बसवल्यावर तर ही मर्यादा आणखी घट्ट झाली. डब्ल्यूएएम-४ सारख्या एंजिनांत विद्युत रोधनाची सोय होती. पण निर्माण झालेली वीज छतावरील रोधांत तापून हवेत जाई. एकदिशकारक शांत, स्वस्त व टिकाऊ झाला त्याची ही किंमत होती, आणि ती अनेक दशके मोजली गेली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात प्रत्येक नवी पायरी जुनीच्या वर असते, असे गृहीत धरणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

परतीची वाट पुन्हा मोकळी झाली ती नियंत्रित अर्धसंवाहकांमुळे. १९५७ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर तयार केला. डायोड अनुकूल दाब येताच वाहू लागतो. थायरिस्टर हुकमाची वाट पाहतो. हुकूम देण्याचा क्षण पुढेमागे करून मिळणारा दाब कमी-अधिक करता येतो, आणि तो पुरेसा उशिरा दिला तर शक्तीचा ओघच उलटतो. हुकमाने बंदही होणारे अर्धसंवाहक पुढे आले. १९९५-९६ मध्ये भारतात आलेल्या डब्ल्यूएपी-५ व डब्ल्यूएजी-९ या एंजिनांत आणि २००७ पासून मुंबईत धावू लागलेल्या नव्या लोकलांत हीच योजना आहे. तारेतील प्रत्यावर्ती प्रवाहाचे प्रथम एकदिश प्रवाहात रूपांतर होते, त्यापासून हव्या त्या आवर्तनांचा त्रिकला प्रत्यावर्ती प्रवाह बनतो व मोटारींना मिळतो. मोटारही आता प्रत्यावर्ती झाली. ब्रश व दिक्परिवर्तक गेले. रोधनाच्या वेळी हीच साखळी उलटी चालते आणि वीज तारेत परत जाते. फिरत्या परिवर्तकाकडे असलेला उभयगामी गुण अशा रीतीने परत मिळाला. एकदिश प्रवाहही नाहीसा झालेला नाही, तो दोन रूपांतरांच्या मध्ये गाडीच्या पोटात राहिला आहे.

चंद्रपूर ते पडघे

लोहमार्गावरून एकदिश प्रवाह हटत होता, त्याच काळात महाराष्ट्राच्या दुसऱ्या एका तारेत तो नव्याने आला, आणि तोही जेथे त्याला अयोग्य ठरवले गेले होते त्या दूरवहनाच्या क्षेत्रात. १९५४ मध्ये स्वीडनच्या मुख्य भूमीपासून गॉटलंड बेटापर्यंत समुद्रातळाच्या केबलमधून १०० किलोव्होल्ट एकदिश दाबाने २० मेगावॉट शक्ती पाठवण्यात आली, तेव्हा रूपांतर पारदचापाच्या झडपांनी केले होते. लांब केबल प्रत्यावर्ती प्रवाहावर एखाद्या प्रचंड धारित्रासारखी वागते आणि तिचा बराच प्रवाह केबल भारित-विभारित करण्यातच खर्ची पडतो. एकदिश प्रवाहात हा प्रश्न उद्भवत नाही. जमिनीवरील लांब मार्गांवरही एकदिश वहनाला दोनच संवाहक पुरतात आणि दोन टोकांची समकालिकता राखण्याची अडचण राहत नाही. दोन्ही टोकांच्या रूपांतर केंद्रांचा मोठा खर्च तेवढा सोसावा लागतो. अंतर पुरेसे असेल तर तो तारांच्या बचतीतून भरून निघतो.

महाराष्ट्रात कोळसा पूर्वेला आणि विजेची मोठी मागणी पश्चिमेला आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज मुंबई परिसरात आणण्यासाठी १९९९ मध्ये चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी ७५२ किलोमीटर लांबीची, धन-ऋण ५०० किलोव्होल्टची व १५०० मेगावॉट क्षमतेची एकदिश वाहिनी कार्यान्वित झाली. तिच्या दोन्ही टोकांना थायरिस्टरच्या झडपा आहेत. चंद्रपूरला त्या एकदिशकारक म्हणून काम करतात, पडघ्याला उलट. आणि गरज पडल्यास या भूमिकांची अदलाबदल करता येते. पडघ्याला ही शक्ती पुन्हा प्रत्यावर्ती होऊन राज्याच्या जाळ्यात मिसळते. अशा जाळ्यावरच चालणाऱ्या एखाद्या लोकलचा विचार केला, तर जनित्रापासून चाकापर्यंतच्या वाटेत प्रवाहाचे रूप चार वेळा पालटलेले असू शकते : चंद्रपूरला एकदिश, पडघ्याला प्रत्यावर्ती, डब्याखालच्या परिवर्तकात पुन्हा एकदिश आणि मोटारीच्या तोंडाशी पुन्हा प्रत्यावर्ती.